पिवळं पान

१२ फेब्रुवारी

प्रिय डॉक्टरीणबाई,

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त. तुझं पत्र पोचलं. त्यातल्या प्रश्नाकडे नंतर वळतो.

आधी तुझ्या पपया. प्रयोगशाळेतून पाठवलेली तुझी रोपं आता माझ्या डोक्याच्या वर गेलीत. जाळीघरात एक ओळ त्यांची, एक आपल्या नेहमीच्या पपयांची. तपासणीसबाईंनी रोगट झाडावरची मावा कीड आणून दोन्ही ओळींवर सोडली. नेहमीच्या ओळीचं आपल्या बागेसारखंच झालं. पानं पिवळी पडून आकसली, देठांवर तेलकट रेघा, फळांवर गोल वलयं. तुझी ओळ मात्र हिरवीगार.

आईने विचारलं, "हिनं यात बाहेरचं काय घातलंय?"

"काही नाही. झाडातल्याच एका गोष्टीच्या आधारानं या रोगाचा विषाणू वाढतो. ती गोष्ट बनवणाऱ्या जनुकात तिनं बारीकसा बदल केलाय. आता त्याला आधारच मिळत नाही."

"बरं. झाडं सुधारली म्हणावं, आता माणसांकडे बघ."

मी हसलो. मग हौदावर जाऊन उगाच हात धूत बसलो.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. मागच्या आठवड्यात तुझ्या ओळीतल्या एका झाडावर पिवळं पान दिसलं, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? प्रयोग फसला, आता ही सामान बांधून घरी येणार, हेच पहिल्यांदा मनात आलं. तपासणीसबाईंना फोन केला तेव्हा माझा आवाज इतका खुलला होता की त्या म्हणाल्या, "काय हो, गोड बातमी?"

त्यांनी पान नेऊन तपासलं. रोग नव्हताच. ठिबकची नळी फुटून मुळाशी पाणी साचलं होतं. मी नळी बदलली, झाड सावरलं. त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटली मला. आपली बाग उपटून टाकली त्या दिवशी तू मातीतच बसून म्हणाली होतीस, "यावर काहीतरी असलंच पाहिजे." ते शोधायला तू गेलीस, शोधलंस. आणि मी इथे पिवळ्या पानाची वाट बघत होतो. इतकी तुझी आठवण येते, बाई.

तर तुझा प्रश्न. केळीच्या रोगावर असंच काम करायला प्रयोगशाळेवाले तुला आणखी तीन वर्षं तिथेच थांब म्हणताहेत, थांबू का?

थांब.

हा एक शब्द लिहायला सकाळची दुपार झाली.

पण फळं झाडावर आहेत तोवर चार दिवस ये. येणार असलीस तर तारीख कळव, नसलीस तर सरळ 'नाही' म्हण. 'बघते' लिहू नकोस. तुझ्या एका 'बघते'वर मी महिनेच्या महिने काढतो.

तुझाच,
आणि हे पत्र पेटीत पडेपर्यंत तरी मोठ्या मनाचा,
माळीबुवा