कावीळ कुठून आली

अकोला,
दि. १४ सप्टेंबर १९६१

प्रिय सिंधू, तुझ्या ताईचे तुला अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. मळ्यात शेवंतीला कळ्या धरल्या. तुला दिवस गेल्याचं आपल्या बंडूभाऊकडून कळलं. आनंद झाला, आणि लगेच काळजीही वाटली.

ठीक म्हटलं खरं, पण मला कावीळ झाली आहे. सातवा महिना, डोळे पिवळे, अन्नाचा वास सोसत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढ्यात रक्त भरलं होतं का, सुया टोचून घेतल्या का, गोंदून घेतलं का. मी तिन्हींना हो म्हटलं. तिसऱ्या महिन्यात अंगावरून फार गेलं तेव्हा रक्त भरलं. मग ताकदीसाठी गल्लीतल्या देवमन कंपाउंडरकडून सुया घेतल्या; सगळ्या बायांना तो एकच सुई गरम पाण्यात बुचकळून टोचतो. आणि सासूबाईंनी हौसेनं दंडावर गोंदवून घेतलं. यातलं नेमकं कोणतं, ते बाईंनाही सांगता येईना. म्हणाल्या, रक्त देणारा धडधाकट असला तरी त्याच्या रक्तातून कावीळ येऊ शकते.

तेव्हापासून मला काही सुचत नाही. रक्त तुझं होतं, सिंधू.

सासूबाई गल्लीभर सांगतात, तुझं रक्तच खराब, तू आता या घरात यायचं नाही. गोंदणाचं नाव काढत नाहीत. मला एकदा वाटतं ती सुई, देवमनकडे जाणाऱ्या आणखी एकीचे डोळे पिवळे झालेत. एकदा वाटतं गोंदण. आणि एकदा वाटतं, तू. मग माझीच मला लाज वाटते.

काल जेवताना सासूबाईंनी पुन्हा तेच काढलं. तुझे भाऊजी आपल्या आईपुढे कधी बोलत नाहीत. पण काल म्हणाले, "डॉक्टरीण रगत मांगत व्हती तवा आपण समदे भिंतीले टेकून उभे व्हतो, माय. हात सिंधूनं पुढे केला."

बाळ हलतं आहे. पुढचं बाईही सांगत नाहीत. पण तूही आता दोन जिवांची, म्हणून लिहिते. सुई घ्यावीच लागली तर डोळ्यांसमोर चांगली उकळून घे. गोंदणारीला परत पाठव. आणि बाईंना एकदा दाखवून जा. तुझ्यात काही निघालं तर? आणि नाही निघालं, तर मी उगाच तुझ्यावर संशय घेतला? मला दोन्हीची भीती वाटते, आणि दोन्ही वेळा तूच जवळ हवीस.

उत्तर लिहू नकोस. पुढच्या रविवारी हे तुला घ्यायला येतील. त्यांच्यासोबत ये.

तुझ्याशिवाय कुणाला हे लिहू न शकणारी,
प्रमोदिनीताई