डावीकडचं पुढचं चाक

रविवार, ३ मार्च

परत तेच चाक! डावीकडचं, पुढचं. जानेवारीपासून ही तिसरी खेप.

बाबा फोनवर एवढंच म्हणाले, 'पेटी घेऊन ये.' काय ते कळलं. पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर, राखाडी रंग, टेप — सगळं उचललं आणि गेले. गाडी अंगणात, बाबा शेजारी उभे. चेहरा शाळेतून तक्रारीची चिठ्ठी घेऊन आलेल्या पोरासारखा.

चाक धुतलं, पुसलं, नख फिरवलं. आमच्या कामात पहिली परीक्षा हीच. ओरखड्यावरून नख आडवं न्यायचं. नाही अडलं तर नुसतं घासून रंग मारायचा, अडलं तर आधी पुट्टी भरायची. अडलं. दोन ठिकाणी.

रंग टायरवर उडू नये म्हणून टायर आणि रिमच्या फटीत पत्ते खोचत गेले, गोल, एकाला एक लागून. जोड बाबांचाच. हल्ली खेळत नाहीत म्हणून मला देऊन टाकलाय. राजे-राण्या सगळे राखाडी झालेत आता.

कसं लागलं म्हणून विचारलं. खाली बघत म्हणाले, 'माझ्याच हातून.'

पस्तीस वर्षं साहेबलोकांच्या गाड्या चालवल्या, एक ओरखडा नाही — हे आम्ही लहानपणापासून जेवताना भाजीसारखं रोज ऐकलंय. त्या माणसानं असं म्हणावं! मला रडूच आलं. टायर पुसायच्या निमित्तानं वाकून राहिले.

मंगळवार, ५ मार्च

दुकानात एक काका चाक रंगवून घ्यायला आले. गाडी उभी होती, कुणीतरी घासून गेलं, म्हणे. मी म्हटलं, काका, ओरखडा गोलाईनं गेलाय, म्हणजे चाक फिरत होतं. काका पैसे मोजायला लागले. मालक म्हणतात, हिला पोलिसात भरती करा.

अकरा वर्षं हेच करतेय. चाक बघितलं की चालवणारा डोळ्यांसमोर उभा राहतो. बाबांच्या चाकाकडे मात्र नीट बघायचं टाळतेय. भीती वाटते.

रविवार, १७ मार्च

आज बघितलंच.

नवा ओरखडा तुटक तुटक आहे. फुटपाथच्या कडेला लागलं, थांबलं, घाबरून स्टिअरिंग भलतीकडे फिरवलं, परत लागलं. हे बाबांचं चालवणं नव्हेच! एकच अर्थ निघतो — डावीकडचं त्यांना दिसत नाहीये.

आत बसून पाहिलं. सीट पार पुढे ओढलेली, वर उशी. उंच बसून, पुढे वाकून बघावं लागतंय बिचाऱ्यांना. मागच्या काचेवर चार ठिकाणी डिंकाचे डाग होते, काहीतरी चिकटवून काढलेलं. तेही पुसून टाकले.

आईला विचारलं, बाबा गाडी घेऊन जातात तरी कुठे? म्हणाली, रोज सकाळी दोघं तळ्यापर्यंत जातो, फिरायला. त्यासाठी तिनं लेसचे बूटसुद्धा घेतलेत. आयुष्यात पहिल्यांदा!

म्हणजे आईही गाडीत असते.

सोमवार, १८ मार्च

दादाशी फोनवर बोलले. म्हणाला, किल्ली काढून घे सरळ. तिकडे दूर बसून सांगायला याचं काय जातंय!

रविवार, ३१ मार्च

चहाच्या वेळी मुद्दाम बाबांच्या डाव्या हाताला बिस्किटांची बशी ठेवली. त्यांनी घेतलंच नाही. थोड्या वेळानं बशी उजवीकडे सरकवली, तर लगेच दोन उचलली. शंका उरली नाही. असली चोरटी परीक्षा घेतली म्हणून स्वतःचाच राग आला.

चाकावर आज नवा ओरखडा, पण उथळ. नख अडलं नाही. मी घासायला बसले तर आई पाटावर येऊन बसली शेजारी. किती खोल गेलंय, भरून निघेल ना, मागून दिसतं का — प्रश्नावर प्रश्न. एरवी हिला गाडीचा रंगही विचारला तर आठवून सांगेल. शेवटी म्हणाली, 'दे, मी घासते.'

म्हटलं, आई, राहू दे, हात हलका लागतो, जमायचं नाही तुला. पण तिनं पेपर घेतलाच. पाण्यात बुडवून, बोटांनी गोल गोल, घाई न करता. चांगलं घासलं हो! माझ्यापेक्षा नीट. 'आपलं आपण निस्तरावं,' असं काहीतरी पुटपुटली. बाबांच्या वतीनं म्हणत असणार.

आई आणि गाडी म्हटलं की मला तो फाटकाचा खांबच आठवतो. मी कॉलेजात होते. बाबा शिकवत होते आणि हिनं गाडी थेट खांबावर नेली. खांब आडवा! वर्षभर पुरलं आम्हाला ते. पाहुणे आले की मी नक्कल करून दाखवायची — डोळे घट्ट मिटून स्टिअरिंग धरलेली आई. आईही हसायची सगळ्यांबरोबर. मग कधी गाडी चालवायला बसली नाही.

रविवार, १४ एप्रिल

चाक कोरं. एकही ओरखडा नाही! बाबा खूश, आई त्यांच्याहून खूश. शिरा केला तिनं. एवढ्यासाठी शिरा!

रविवार, २८ एप्रिल

संपलं सगळं. सहा इंचाचा ओरखडा, रंग जाऊन धातू उघडा पडलाय. नख अडतं कसलं, आत बसतं. आणि त्यात निळा रंग भरलाय — दुसऱ्या कशाचा तरी. कुणाची तरी स्कूटर असेल, सायकल असेल. तिथे माणूस असता तर?

बाबांना विचारलं, हे निळं काय? आई स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात ठेवायला लागली. बाबा म्हणाले, 'माझ्याच हातून.'

चाक केलं, पण हात चालत नव्हता. रंगाचे पातळ तीन थर द्यायचे, मधे वाळू द्यायचं, तर मी घाईनं जाड मारला. ओघळ आला. पुसून पहिल्यापासून केलं. किती नीट करते मी हे! इतकं नीट की शेजाऱ्यांना, दादाला, कुणालाच काही दिसत नाही. जानेवारीतच हात वर केले असते तर बाबांनी तेव्हाच गाडी सोडली असती. माझ्या कारागिरीपायी कुणाचा जीव जायचा एक दिवस.

रविवार, ५ मे

किल्ली घेतली.

मनात शंभरदा घोकलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, बाबा, डाव्या डोळ्याला दिसत नाही ना तुम्हाला? ते नाही म्हणतील, चिडतील, पस्तीस वर्षं काढतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे मान हलवली.

'कधी कळलं तुला?'

'चाकावरून.'

जरासे हसले. का ते कळलं नाही. मग म्हणाले, 'गुरुवारपर्यंत थांब. गुरुवारी मी स्वतः किल्ली देतो तुझ्या हातात.'

गुरुवारी काय आहे, तर सांगेनात. आईकडे बघायला लागले. आई जमिनीकडे. मला वाटलं, लहान मुलासारखा सौदा करतायत. माझा आवाज चढला. चढायला नको होता. म्हटलं, चार दिवसांत कुणाला उडवलंत तर? आईला घेऊन फिरता, तिचं काही झालं तर?

बाबा उठले. खुंटीवरची किल्ली काढून दिली. माझ्या हातावर ठेवताना अंदाज चुकला, किल्ली खाली पडली. दोघंही वाकलो. बाबांना ती सापडेना. पायाशीच होती, डावीकडे.

घरी येऊन जेवण गेलं नाही.

सोमवार, ६ मे

दादाचा मेसेज — शाब्बास.

तोंडावर फेकून मारावीशी वाटली ती शाब्बासकी.

बुधवार, ८ मे

आई दुकानात आली. बसनं, एकटी. इथे ती कधी येत नाही, रंगाच्या वासानं डोकं दुखतं तिचं. पदर नाकाला लावून दारातच उभी राहिली. म्हणाली, किल्ली दे.

मी म्हटलं, बाबांनी पाठवलं का? तर नाही. मग कशाला हवीय? 'ते विचारू नकोस. आजवर तुझ्याकडे काही मागितलंय मी?'

खरंच, कधी नाही मागितलं. आठवून पाहिलं, एकसुद्धा आठवेना.

'बाबांना चालवू देणार नाहीस ना?'

'नाही देणार. तुझी शपथ.'

दिली. आईजवळ असली म्हणजे काळजी नाही. जुन्या सवयीनं खुंटीवर किल्ली दिसावी एवढंच असेल बाबांचं. तेवढं तरी दिसू दे.

गुरुवार, ९ मे

दुपारी दुकानासमोर गाडी थांबली. फुटपाथच्या कडेपासून वीतभर लांब, अगदी सरळ. बाबा डावीकडून उतरले. स्टिअरिंगमागून आई उतरली — लेसचे बूट, काखेत उशी.

लायसन्सची परीक्षा होती आज. पास! निळा रंग तळ्याजवळच्या मैदानावरच्या पिंपाचा, तिथेच शिकत होती. मागच्या काचेवर चिकटवायची ती शिकाऊची पाटी. मी म्हटलं, आई, मला सांगायचं तरी. म्हणाली, 'तू नक्कल केली असतीस गं.'

सगळे ओरखडे तिचे. बाबांना डोळ्याचं डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलंय. त्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही.