चौथा दात

१४ ऑक्टोबर

१. सकाळी खुरिब्गाच्या खाणीतला जबडा तपासायला आला. लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्री सरड्याचा जीवाश्म, सात दातांचा. संग्रहालयाला हवा आहे.
२. सोबतची चिठ्ठी: 'अस्सल, निघाला तसा.'
३. जांभळ्या दिव्याखाली हिरडीभर डिंक निळा चमकला. दात खरे. जबडा वाळू आणि डिंकाचा.
४. वाळू चहाच्या गाळणीने चाळलेली. इतकी बारीक एकच माणूस चाळतो. माझा बा.
५. चौथा दात उलटा. चपटी बाजू ओठाकडे हवी, ती जिभेकडे आहे.

पहिल्या चारांचं नवल नाही. बा गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, "दात अल्लाचे, जबडा माझा!" तसं लिहून खाली डकवतोही. तो कागद खरवडलेला आहे.

पण पाचवं? बा असा चुकत नाही.

१५ ऑक्टोबर

विकणारा बुअज्जा फोनवर — "घरचाच माल आहे ताई, कर की सही! बापाच्या पोटावर पाय देतेस?"

फोन ठेवला.

१७ ऑक्टोबर

वादी झेम गावी, बाच्या घरी.

"या तपासनीसबाई!" बाने चहा ओतला. ग्लास भरला का, ते बोट घालून पाहिलं. भाजलं असणार. हसला.

मी एक दात हातात दिला. "चपटी बाजू कुठली?"

त्याने तो जिभेला लावला. खाणीतले सगळेच लावतात — हाड जिभेला चिकटतं, दगड नाही. पण बाजू ओळखायला कुणी जीभ लावत नाही.

"अहवालात काय लिहितेस?"

"जबडा बनवलेला."

"मग? खरंच आहे ते. बुअज्जाला सांगून थकलो."

"चौथा उलटा बसलाय, बा."

हसू गेलं. बराच वेळ अंगठा दातावरून फिरत राहिला.

"ते लिहू नकोस, पोरी."

"कधीपासून?"

"तुझ्या पदवीच्या फोटोत तू कुठली, ते तुझी आई बोट ठेवून दाखवते. मी तिथे बघतो."

आई आतून ओरडली, "आणि माझी गाळणी परत द्या म्हणावं!"

१८ ऑक्टोबर

अहवाल पाठवला. जबडा बनवलेला, कारागिराचं नाव दिलं, कागद खरवडल्याचंही लिहिलं. चौथ्या दाताचा उल्लेख नाही. पाहिलेलं गाळलं, असं पहिल्यांदाच.

१९ ऑक्टोबर

चौथ्या दाताचं आज लिहिलं. काझाब्लांकाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना:

'रुग्ण माझे वडील, वय एकसष्ट, जबडे जुळवणारे कारागीर. एक दात उलटा बसवला. चाळीस वर्षांत पहिला. तपासणीची तारीख गुरुवार, २३ ऑक्टोबरपर्यंत कळवावी, ही विनंती.'