लाल झालेली उष्टी हळद

आई, तुझ्या जावयांना आज अंघोळ घालताना साबण हातातून निसटून मोरीत गेला, आणि वाकायचा इतका कंटाळा आला की मी तशीच पाटावर बसून राहिले. ते अंथरुणाला खिळलेत, पण आवाज अजून खणखणीत आहे. पाणी जरा निवलं तरी माझा उद्धार होतो.

तुझा साबण आठवला. पनवेलच्या बाजारातला साबण आपल्या मिठागराकाठच्या मचूळ पाण्यात फेसच धरत नसे, म्हणून तू खोबरेलाचा घरीच करायचीस. मागीलदारी मडक्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी निवत ठेवायचं, त्यात तेलाची धार सोडायची आणि हात भरून येईपर्यंत काठीनं घोटायचं. मला जवळ फिरकू देत नव्हतीस. बघायला येणारे मुलीचे हात बघतात, म्हणायचीस. तुझ्या बोटांची सालं निघायची, ती बघणारं कोणी नव्हतं.

माझ्या हळदीच्या दिवशी माखलेल्या पाहुण्यांना साबण लागणार, म्हणून तू सकाळीच नवा साबण कापायला बसलीस. तो नीट मुरलाही नव्हता. तेवढ्यात नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन दारात येतात. तू घाईनं पदराला हात पुसतेस, माझ्या गालांना हळद लावतेस, आणि ती लाल होते. साबण लागला की लुगड्यावरची हळद लाल होते, हे त्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. पण नवरीच्या गालावर ते कुणाला सुचलं नाही. बायका गात होत्या तो धवला मध्येच थांबला. नवऱ्याची आत्या म्हणाली, हा अपशकुन आहे, आमची हळद आम्ही परत नेतो. बाबा मांडवाची मेढ धरून उभे राहिले. हळद लागून लग्न मोडलेली मुलगी पुढे कोण करणार होतं?

तू माझी हनुवटी धरून माझं तोंड सगळ्यांकडे फिरवलंस.

"हलदीचं कुंकू झालंय, दिसत नाय? माज्या पोरीचं कुंकू जल्मभर पुसनार नाय. आता बोला, सून न्यायची का नाय?"

कुंकवाला नको कोण म्हणेल? आत्यानं हळदीचं ताट पुन्हा खाली ठेवलं, बायका पुन्हा गाऊ लागल्या. माझं तोंड धुताना तू कानाशी आलीस. "सोड्याचं हात हायत माजे. कोनाला सांगू नको." आणि हसलीस. मी कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा माझ्या दंडावरचे वळ तू पाहिलेस. विचारलं काहीच नाहीस, जाताना साबणाच्या दोन वड्या जास्त बांधून दिल्यास. मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही, तेवढं त्राणच राहिलेलं नाही.

तुझा शब्द मात्र खरा ठरला. हळदीकुंकवाला बायका माझ्या पाया पडतात, असं कुंकू आम्हाला लाभू दे म्हणतात. मी त्यांना आशीर्वाद देते.

आत हाक मारतायत, उठायला हवं. हा कागद चुलीत घालीन. पण एकदा तुला सांगायचं होतं, आई. त्या दिवशी आत्याला हळद परत नेऊ द्यायची होतीस.