पाचव्या गाण्यानंतर

एडिसन, ता. ३ मार्च १९९६

ती. स्व. दादास,
शैलाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. फोनवर तू हं हं करतोस आणि वहिनींच्या हातात रिसीव्हर देऊन मोकळा होतोस. या विषयावर तर नक्कीच देशील.

परवा उपासनाने विचारलं, आजोबांचा आवाज कसा होता. पोरगी चौदाची झाली, इंग्लिशमध्येच विचारते. मी सांगायला गेले आणि सांगताच येईना. बाबांची टोपी आठवते, वस्तीतल्या गायन पार्टीत मागे कोरसला उभं राहून ते वाजवायचे ती टाळी आठवते. आवाज आठवत नाही, दादा. तव्यावरची पोळी जळली तरी मी तशीच उभी.

तू शिकागोला शिकायला गेलास त्या पहिल्या हिवाळ्यात बाबांनी मिलमधल्या दोस्ताचा टेपरेकॉर्डर आणून तुला कॅसेट भरून पाठवली होती. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. कॅसेटचं विचारलं की तू म्हणतोस, घर बदलताना हरवली. माझ्यासाठी बेसमेंट एकदा शेवटचं बघ. बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

इथल्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात चांगले पोहे मिळाले, चिवडा करून पाठवते. वहिनींना जयभीम. लोभ आहेच, तो कॅसेट शोधण्यात दिसू दे.

तुझी शैला


शिकागो, ता. १४ मार्च १९९६

चि. शैला हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

चिवडा पोचला. तिखट जास्त आहे, आवडला. डेव्हन ॲव्हेन्यूवर असा मिळत नाही.

आता खरं सांगतो. कॅसेट हरवलेली नाही. ती माझ्या कपाटात आहे, पण तिच्यात बाबा नाहीत. ते मी पुसले.

माझा रूममेट मेल्विन तुला आठवत असेल, मी पत्रांतून लिहायचो. त्याच्याकडे लेकशोर फाइव्ह नावाच्या पाच काळ्या गायकांची एल.पी. रेकॉर्ड होती, दर बाजूला पाच गाणी. कव्हरवर पाचही जण निळे सूट घालून उभे, टाय कडक. मला पहिल्यांदा ते जयंतीच्या मिरवणुकीला निघाल्यासारखेच वाटले. एक जण वर बारीक आवाजात ओळ उचलायचा, जाड्या आवाजाचा खालून सावरायचा, बाकीचे तिघं मागे झील धरायचे. आपल्या गायन पार्टीसारखंच. बर्फात अडकलेल्या त्या खोलीत मी त्या पाच जणांच्या आधारावर दिवस काढले, हे अगदी खरं आहे.

मग एका सोमवारी मेल्विन खोली सोडून घरी चालला होता, रेकॉर्ड घेऊन. कोरी कॅसेट जवळ नव्हती. बाबांची मी ऐकली होती. पाऊण बाजूपर्यंत बोलले, मग नुसती खरखर, म्हणून मी बंद केली होती. वाटलं, बाबांची दुसरी येईलच. रेकॉर्डची एक बाजू कॅसेटच्या एका बाजूवर, दुसरी दुसऱ्यावर भरून घेतली. पुढे पाचवं गाणं संपलं की हात आपोआप कॅसेट उलटायचा.

मग तार आली. त्या दिवशी वेड्यासारखी ती लावली, तर बाबांच्या जागी त्या पाच जणांचं पहिलं गाणं. मी बंद केली, ती आजतागायत लावलेली नाही. तुला काय तोंड दाखवणार होतो? खोटं बोललो. बावीस वर्षं बोलतोय.

रागव. पण लोभ अगदीच तोडू नकोस.

तुझा दादा


एडिसन, ता. २० मार्च १९९६

दादा,

जयभीम.

रागावू की नको हे तू सांगू नकोस. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पुसलंस त्याचा राग कमी आहे, तू पोरगाच होतास तेव्हा. पण दरवर्षी मी विचारायचे आणि तू मला बेसमेंट शोधतोय म्हणायचास, ते विसरणं जड आहे.

ती कॅसेट पाठव. तिच्यात बाबा नसले तरी पाठव. त्या प्लॅस्टिकला बाबांचा हात लागलाय. माझ्याकडे तेवढंही नाही.

लोभाचं नंतर बघू.

शैला


एडिसन, ता. २ एप्रिल १९९६

प्रिय दादास,
साष्टांग जयभीम. हो, साष्टांगच.

खुर्चीत बस आणि मग वाच.

रविवारी भाजी चिरताना कॅसेट लावली. म्हटलं, बघू तरी कोणासाठी बाबांना घालवलं. तुझे ते पाच जण खरंच गोड गातात, मेले. जाड्या आवाजाचा तर मला फारच आवडला. पाचवं गाणं संपलं, माझे हात भिजलेले, म्हणून कॅसेट तशीच चालू राहिली. जराशी खरखर झाली आणि वाक्याच्या मध्यातूनच बाबा बोलायला लागले.

अरे शहाण्या, रेकॉर्डची बाजू छोटी, कॅसेटची मोठी. इंजिनिअर ना तू? ज्या खरखरीला तू तेव्हा बंद केलीस, तिच्यानंतर बाबा परत बोलले होते, ते तू तेव्हाही ऐकलं नव्हतंस. नऊ मिनिटं आहेत. आवाज मला वाटला होता त्याहून बारीक आहे, मध्ये मध्ये खोकतात. मला बोल म्हणतात आणि मी लाजून हसते, तेही आहे. उपासना शेजारी येऊन बसली. तिला अर्धंच कळलं, पण उठली नाही.

शेवटी बाबा काय म्हणतात ते लिहिते. म्हणतात, बेटा, तू पत्रात लिहिलं ते पाच जणांचं गाणं आम्हालेही ऐकू दे. इथं कोरी कॅसेट भेटत नाही, तर माझं बोलणं ऐकून झालं की याच कॅसेटीवर ते भरून आम्हाले पाठवजो.

तू नेमकं तेच केलंस, दादा. फक्त पाठवायला बावीस वर्षं लावलीस.

मूळ कॅसेट आता माझ्याकडेच राहील. सोबत कॉपी आहे, जशी होती तशीच, आधी ते पाच जण, मग बाबा. वरच्या दोन्ही बारक्या पट्ट्या तोडून टाकल्यात, म्हणजे तिच्यावर आता तुलाही काही भरता येणार नाही. पाचव्या गाण्यानंतर हात मांडीखाली दाबून बस.

लोभ गेला कुठे होता?

तुझी शैला