ढगांची परेड

नाशिक, रविवार, ता. १६ सप्टेंबर १९७९
सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. ब्रश धुऊन ओळीने मांडले आणि लिहायला बसलो.

तीर्थरूप आबांच्या पायांवर सहादूचे डोके.

कारखान्यावरच्या वॉचमनच्या जागेबद्दलचे तुमचे पत्र पोचले. उत्तराआधी कालची हकिकत ऐका.

आमचे मास्तर दिवाकर पेंटर यांनी नाटकाचा मागचा पडदा पहिल्यांदाच माझ्या एकट्यावर सोपवला. डोंगर, झाडे, आभाळ. पलटणीत गाड्यांवर नंबर रंगवायचो तसे मी दोरी लावून, मापे घेऊन सगळे काढले. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे फौजी, ढगांची परेड घेतोस काय? आणि ही झाडे कुणाला सलामी देतायत?" सगळे हसले. मला वाटले, गेले काम.

पलटणीत सुभेदारसाहेब नीट न लावलेला बिस्तरा विस्कटून पुन्हा लावायला सांगत. तेव्हा रडू यायचे. काल मात्र मी निमूटपणे सगळ्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि दारातून खरे ढग बघत पुन्हा रंगवले. संध्याकाळी मास्तर म्हणाले, "चांगला हात पुष्कळांना असतो. न कुरकुरता पुसणारा मिळत नाही. पुढचे तीन पडदे तुझे!"

आबा, वॉचमनच्या जागेला नकार कळवा. रागावू नका. आईचा गुडघा कसा आहे?

शनिवारी प्रयोग आहे, दोघेही या. पडदा उघडताच टाळ्या पडतात म्हणे. तोफेने गेलेल्या माझ्या कानांना त्या नीट ऐकू येणार नाहीत. पडल्या का, ते तुम्हीच मला सांगा.

ही एक सोडून तुमच्या सगळ्या आज्ञा पाळणारा,
सहादू