बाळ कोणाच्या हातून द्यायचं

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही. चौथीतच शाळा सुटली माझी. तरी लिहिते, कारण हे जिवंत माणसाला सांगायची सोय नाही.

जळगावच्या या दवाखान्यात आया म्हणून मला अठरा वर्षं झाली. बाकीच्या आयांची ड्यूटी दर महिन्याला बदलते, माझी नाही. मी बाळंतपणाच्या खोलीतच. रक्ताच्या चादरी धुवायच्या, वार उचलायची, फरशी पुसायची. ओपीडीत बसायला, चहा द्यायला दुसऱ्या. का ते कोणी सांगत नाही, आणि मला ते विचारावं लागत नाही. आता बीपीची गोळी सुरू आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, टेन्शन घेऊ नका. घेतं कोण? आयतं मिळतं.

तू सुईण होतीस. शिंदखेड्याकडच्या आपल्या गावात वरच्या गल्लीतली अर्धी पोरं तुझ्याच हातावर जन्मली. नाळ तू कापायचीस, बाळंतिणीला आंघोळ तू घालायचीस, आणि बारशाला तुला गोठ्यापाशी बसवून वरून चहा ओतायचे. मी एकदा मोठ्याने विचारलं, आत का नाही बसायचं? तू तिथेच पाठीत धपाटा घातलास. वाटेत म्हणालीस, "काम व्हयनं का घर गाठानं. बोलानं नही." तू एवढंच शिकवलंस, मी तेवढंच शिकले.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक सिस्टर आली. आपल्यातलीच, धुळ्याला नर्सिंग शिकलेली. हात तुझ्यासारखा हलका, मान मात्र ताठ. मला मावशी म्हणते. मागच्या महिन्यात एक बाई अडली होती, तिला या पोरीने सोडवलं. बाळ पुसून, गुंडाळून दारात घेऊन येते, तर बाळाची आजी हातच पुढे करत नाही. विचारते, तुम्ही कोणातल्या? पोर सरळ सांगते. म्हातारी म्हणते, "पहिलं नातवंड आहे हो, दुसऱ्या कोणाच्या हातून द्या." बाळ दुसऱ्या आयाकडे गेलं. पेढाही तिलाच मिळाला. हेडसिस्टर पोरीला म्हणाली, पेशंटचं मन राखावं लागतं, एवढं मनावर घेऊ नये.

पोरीने लेखी तक्रार केली. साक्षीला मला बोलावलं. पोर माझ्या शेजारीच उभी होती. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी तक्रार वाचून दाखवली आणि विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "मी फरशी पुसत होते, माझं लक्ष नव्हतं." तक्रार तिथेच मिटली. मावशी समजूतदार आहेत, असं हेडसिस्टर चार जणींत म्हणाली. काल पोरीने नोकरी सोडली. जाताना माझं बीपी बघितलं, म्हणाली, "मावशी, गोळी चुकवू नका." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. तुलाच बोल लावायला घेतला होता, की तू मला गप्प बसायला शिकवलंस. पण त्या दिवशी मी नुसती गप्प नव्हते. म्हातारी बोलली तेव्हा हेडसिस्टरने अजून तोंडही उघडलं नव्हतं. मीच पुढे झाले, पोरीच्या हातातून बाळ काढून घेतलं आणि दुसऱ्या आयाला दिलं. पोरीने तक्रारीत सगळं लिहिलं होतं, हे तेवढं लिहिलं नव्हतं.